खोट्याचा खुराक

‘व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं नाही, तर त्या दिवसाचा घाम फुकट.’ हे वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं असल्याची बातमीही आता जुनी झाली. २०१३ साली ब्रॅड शोएनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेले प्रयोग एकत्र करून तपासले. दिवसभरात एकूण किती प्रोटीन खाल्लं हे हिशेबात घेतलं, की ते नेमकं कधी खाल्लं याने फारसा फरक उरत नाही, असं त्यात दिसलं. माहीत नसल्यामुळे हे वाक्य बोलणाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या मावशीलाही तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दल बरंच काही वाटतं. मला बोलायचंय ते नीट माहीत असूनही कॅमेऱ्यासमोर दंड फुगवून तेच वाक्य ठासून म्हणणाऱ्याबद्दल.

असे लोक आहेत आणि ते हे फारसं लपवतही नाहीत. प्रेक्षक थंड पडले की एखादा जुना गैरसमज बाहेर काढायचा, हे शरीरसौष्ठवाचे व्हिडिओ करणाऱ्यांमध्ये आता उघड तंत्र झालंय. ‘क्रंचेस मारा, पोट उतरेल.’ ‘बायकांनी वजनं उचलली की त्या पुरुषी दिसायला लागतात.’ ‘एका जेवणात तीस ग्रॅमच्या वर प्रोटीन अंगी लागत नाही.’ बरोबर वाक्याला लोक मान डोलावतात आणि पुढे सरकतात. चुकीच्या वाक्यापाशी मात्र माणसं थांबतात. फिजिओथेरपीचा विद्यार्थी येतो, दोन शोधनिबंध वाचलेला येतो, ‘माझ्या काकांना फरक पडला’ म्हणणारा येतो आणि तिघांची आपसात जुंपते. दुसऱ्या दिवशी मूळ माणूस हसत हसत नवा व्हिडिओ टाकतो: काल मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं, बघा किती जण फसलात! एका खोट्यात दोन दिवसांचं काम भागतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे का चालतं याचं मला नवल वाटत नाही. व्हिडिओ माणसाच्या उपयोगी पडला का, हे मोजणं अवघड असतं. तो किती सेकंद थांबला, त्याने खाली काही लिहिलं का, कोणाला पाठवलं का, हे मोजणं सोपं असतं. मग जे मोजता येतं त्यालाच आवड समजून पुढे जायचं. ‘धन्यवाद दादा, गुडघा बरा झाला’ ही एक कमेंट आणि ‘गाढवा, आधी अभ्यास कर’ हीसुद्धा एक कमेंट.

अगदी हाच घोटाळा प्रोटीनच्या डब्यातही होतो. पावडरमधलं प्रोटीन थेट मोजणं कटकटीचं, म्हणून केल्डाल पद्धतीत तिच्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणतात. मग कोणाच्या तरी लक्षात येतं, की नायट्रोजनच हवाय ना, मग ग्लायसिन किंवा टॉरिनसारखं काही स्वस्त मिसळा. कागदावरचा आकडा वाढतो, स्नायूला मिळायचं ते कमी होतं. २००८ साली चीनमध्ये याच पळवाटेने दुधात मेलामाइन घातलं गेलं होतं. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली आणि ६ दगावली. आपल्याकडे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बाजारातल्या ३६ पावडरींपैकी सुमारे ७० टक्के पावडरींवर छापलेला प्रोटीनचा आकडा खरा निघाला नाही. डब्यातली भेसळ कळली की घेणारा निदान शिव्या तरी घालतो. व्हिडिओतल्या भेसळीला आपण ‘एंगेजमेंट’ म्हणतो आणि ती कशी करावी याचे क्लास चालतात.

शरीर कमावण्याच्या छंदाला थापा नव्या नाहीत, हे मान्य. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये यूजेन सँडोने शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली (परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल होते) आणि पुढे हाच सँडो स्वतःच्या नावाचा ताकदीचा कोको विकत होता. १९७३ साली आर्थर जोन्स या व्यायामयंत्रांच्या कारखानदाराने कोलोरॅडोत केसी व्हायेटर नावाच्या शरीरसौष्ठवपटूवर प्रयोग केला आणि २८ दिवसांत ६३ पौंड स्नायू वाढल्याचं जाहीर केलं. व्हायेटर त्याआधी अपघात आणि आजारपणामुळे बराच वाळला होता, म्हणजे गेलेलं अंग परत येत होतं. हा तपशील लपवलेलाही नव्हता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो आकडा. तरी जोन्सला एक अडचण होती: तुम्हाला पटलं नाही, तर तुम्ही त्याचं यंत्र घेणार नव्हता. आजच्याला ती अडचण नाही. तुम्हाला पटलं तरी चालतं आणि तुम्ही चिडलात तर जास्तच चालतं.

याचं समर्थन माझ्याच पेशातली मंडळी मोठ्या ऐटीत करतात. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावाने एक गमतीचा नियम सांगतात, की इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर लिहून टाका. मग मुद्दाम खोटं बोललं तर बिघडलं काय, खाली कोणीतरी खरं लिहितंच की! पण कनिंगहॅम यांनी १९९५ साली जी गोष्ट उभी केली ती विकी होती. तिथे चूक दिसली की वाचणाराच ती खोडून बरोबर वाक्य लिहू शकतो, आणि पुढच्याला चूक दिसतच नाही. रीलमधली चूक जागची हलत नाही. तुम्ही खाली लिहिलेली दुरुस्ती तिला आणखी हजार जणांपुढे नेऊन ठेवते आणि त्या हजारांतले किती जण एकशेचाळिसावी कमेंट उघडून वाचतात हे तुम्हीच सांगा. दुरुस्ती करणारा बिचारा फुकटात हमाली करतो.

शिवाय पुन्हा पुन्हा ऐकलेलं वाक्य खरं वाटायला लागतं, हेही आता जुनं ज्ञान आहे. १९७७ साली लिन हॅशर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना काही आठवड्यांच्या अंतराने विधानं ऐकवली. त्यांतली जी परत परत ऐकवली गेली ती जास्त खरी वाटू लागली, मग ती मुळात खोटी का असेनात. ‘क्रंचेसने पोट उतरतं’ हे खोडून काढण्यासाठी का होईना, तुम्ही ते पन्नासाव्यांदा कानावर घालता.

आणि खोडायचं तरी काय शिल्लक आहे? एका जागची चरबी त्या जागच्या व्यायामाने जात नाही, हे १९७१ साली टेनिसपटूंचे हात मोजून पाहिलं गेलं होतं. रॅकेटच्या हातावरची चरबी दुसऱ्या हाताइतकीच निघाली. तीस ग्रॅमच्या मर्यादेचं म्हणाल, तर २०२३ साली यॉर्न ट्रोमेलेन यांच्या गटाने एकदम १०० ग्रॅम प्रोटीन देऊन पाहिलं. शरीराने ते वाया न घालवता जास्त वेळ घेऊन वापरलं. मुद्दाम निवडले जाणारे गैरसमज बहुतेक असेच असतात, उत्तर कधीच मिळालेलं आणि कोणाच्याही गल्ल्याला धक्का न लावणारं. अपवाद बायकांबद्दलच्या गैरसमजाचा. तो ऐकून कितीतरी मुली वजनांच्या खोलीत पाऊलच टाकत नाहीत, आणि तोही गंमत म्हणून वापरला जातो.

ज्या प्रश्नाचं उत्तर या सगळ्या दंडांना द्यावं लागेल, तो मात्र कोणी गंमत म्हणूनही विचारत नाही. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. ४३ पुरुष, चार गट, १० आठवडे. दोन गटांना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, दोन गटांना औषध नसलेलं इंजेक्शन. प्रत्येक जोडीतल्या एका गटाने व्यायाम करायचा, दुसऱ्याने करायचा नाही. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन साधारण २ किलोंनी वाढलं. औषध घेऊन काहीही न करणाऱ्यांचं ३.२ किलोंनी वाढलं. दोन्ही करणाऱ्यांचं ६.१ किलोंनी. पुन्हा वाचा: बसून राहिलेले पुढे गेले. हा प्रयोग ज्याच्या डोक्यात आहे त्याला अर्ध्या तासाचा वाद ऐकताना हसू येईल, कारण वाद घालणाऱ्या दोघांच्या अंगावर जे दिसतंय ते बऱ्याचदा त्या अर्ध्या तासातून आलेलं नसतं.

अमेरिकेतला ‘लिव्हर किंग’ आठवतो का? कच्चं यकृत खा, पूर्वजांसारखे जगा, मग असं शरीर होतं, असं सांगून त्याने लाखो लोक जमवले. २०२२ साली त्याचे ईमेल बाहेर आले आणि डिसेंबरात त्याला स्टेरॉइड घेत असल्याची कबुली द्यावी लागली. तोवर लोक काय वाद घालत होते? यकृत कच्चं खावं की शिजवून.

तालमीत सगळं शास्त्रशुद्ध होतं असं मी म्हणणार नाही. वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे किती थेंब लागतात, याचे हिशेब तिथेच ऐकायला मिळायचे. पण वस्तादाला ते खरं वाटत होतं, आणि ज्या पोराला सांगितलं ते पोर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्यासमोर लंगोट बांधून उभं असायचं. खुराक बाधला तर पहिलं त्यालाच कळायचं. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी मराठीत व्यायामाचा दहा खंडांचा ज्ञानकोश काढला. त्यातलं सगळं आजच्या कसोटीला उतरणार नाही, पण वाचणाऱ्याने चिडून पत्र पाठवावं म्हणून त्यात एखादी ओळ घातली असेल असं मला वाटत नाही.

आमच्या जिममध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा येतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, वडील रिक्षा चालवतात. वजन साठ किलो. त्या अर्ध्या तासाच्या वादाच्या दोन्ही बाजू त्याला वकिलासारख्या मांडता येतात, तरीही ‘रिस्क नको’ म्हणून तो महिन्याला तीन हजारांचा डबा घेतो आणि शेवटचा सेट संपताच शेकर हलवत बाथरूमकडे पळतो. २०१८ साली ४९ प्रयोग एकत्र करून निघालेला आकडा असा, की किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीनच्या पुढे फारसा फायदा होत नाही. म्हणजे याला ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पन्नासेक. घरची डाळ, दूध, भाकरी धरून हा हिशेब डब्याशिवाय बसतो. कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्याने तो फोटो काढून ठेवला आणि मग जरा आवाज उतरवून विचारलं, “दादा, पंपसाठी एक इंजेक्शन मिळतंय. सर म्हणाले, सगळेच घेतात. तुम्हाला काय वाटतं?”

मी नाव विचारलं. मेफेंटरमाइन. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब फार खाली गेला तर तो वर आणायला हे औषध वापरतात. धडधाकट पोराने व्यायामाआधी टोचून घ्यायची ही गोष्ट नाही. महाराष्ट्रात पोलिसांनी त्याचे बेकायदा साठे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आत कुठेतरी, चार ओळींच्या. मी त्याला रक्तदाबाचं सांगितलं, हृदयाचं सांगितलं, सवय लागते तेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग याच्यावर कोणी व्हिडिओ का नाही केला?”

ज्यांनी करायला हवा त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. गर्दी जमवायची तर जमवा, त्यात पाप नाही. पण तुम्हाला वादच हवाय ना, मग असा विषय घ्या ज्यात तुमचंही काही जाईल. २०१७ साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयविकारावरच्या नियतकालिकात स्टेरॉइड घेणाऱ्या ८६ आणि न घेणाऱ्या ५४ वजन उचलणाऱ्या पुरुषांची तुलना आली होती. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते मोजलं, तेव्हा न घेणाऱ्यांचं ६३ टक्के निघालं, घेणाऱ्यांचं ५२. यावर बोला. तुम्ही घेता का, काय घेता, कधीपासून घेता आणि गेल्या वेळच्या रक्ततपासणीत काय आलं, ते सांगा. कमेंट भरपूर येतील, याची खात्री मी इंजिनिअर म्हणून देतो. मराठीत असा एकही व्हिडिओ अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. अर्ध्या तासावरचा नवा मात्र काल रात्रीच समोर आला.