चाकावरचें डांबर

घरांत मोटार आली कीं तिच्याबरोबर एका नव्या जातीचा मळहि येतो. भांड्यांची काजळी, धोतरावरील हळदीचे डाग, समईचा चिकटा, यांचे उपाय आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. परंतु मोटारीच्या चाकांना चिकटलेल्या डांबराचा उपाय आजीच्या बटव्यांत कोठून असणार, असें मला वाटत असे. ही माझी समजूत चुकीची होती, हें गेल्या वैशाखांत मला कळलें. तो अनुभव वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहें.

आमचे चिरंजीव सहकुटुंब पुण्याहून कोंकणांतील घरीं आले होते. वाटेंत रस्त्यावर नवें डांबर पडत होतें आणि दुपारच्या उन्हानें तें मऊ झालें होतें. गाडीच्या चारीहि चाकांवर त्याचे काळे थेंब घट्ट बसले होते. पुढच्या दोन चाकांवर त्याखेरीज करड्या भुकटीचें पूट चढलें होतें. मुलगा थकून निजला होता. तो उठण्यापूर्वीं चाकें लख्ख करून ठेवावीं, या हौसेनें मी बादली घेऊन बसलों. पाणी झालें, साबण झाला, डांबर हालेना. तेव्हां मला राग आला. शौचकूप धुण्याचें आम्ल आणून मीं तें एका चाकावर ओतलें. बुडबुडे येऊं लागले, तेव्हां वाटलें, गुण आला! पण धुवून पाहतों तों डांबर होतें तेथेंच, आणि चाकावर मात्र पांढुरके चट्टे उठलेले.

हलक्या, चकचकीत चाकांचा धातु लोखंड नसून ॲल्युमिनियमची मिश्रधातु असते व तिच्यावर पारदर्शक रंगाचा पातळ लेप असतो. त्या धातूला तीव्र आम्ल सोसत नाहीं, तसा तीव्र क्षारहि सोसत नाहीं. सोड्याच्या पाण्यानें ॲल्युमिनियमचें पातेलें काळें पडतें, हें गृहिणींना सांगावयास नको. उलट, रस्त्याचें डांबर म्हणजे खनिज तेल गाळून खालीं उरलेला दाट भाग. त्याची जात तेलाची. त्याला आम्लाचें किंवा पाण्याचें काय होय?

इतक्यांत सौ. माजघरांतून बाहेर आली. ती फणस चिरीत होती. हात तेलानें माखलेले. चाक पाहून म्हणाली, “अहो, फणसाचा चीक कधीं पाण्यानें गेला आहे का?” तिनें खोबरेलाचा बोळा एका थेंबावर दाबून ठेवला. पांच-सात मिनिटांनीं पुसला, तों डांबर तपकिरी होऊन फडक्यावर उतरलें!

संस्कृतांत तेलाला आणि मायेला एकच शब्द आहे : स्नेह. वैद्यहि शोधनापूर्वीं स्नेहन सांगतात. हें आठवून मी इतका रंगलों कीं दिसेल तेथें तेल चोपडूं लागलों. चाकाच्या आऱ्यांमागें एक लोखंडी चकती दिसली. पाण्यानें तिच्यावर तांबूस गंज धरला होता. मीं बोळा तिच्याकडे नेला मात्र, तोंच कोणीं तरी माझें मनगट घट्ट धरलें.

“अण्णा, तिथें तेल नको! ती ब्रेकची चकती आहे!”

मुलाचा एवढा चढलेला आवाज मीं पूर्वीं ऐकला नव्हता. चकतीला दोन्ही बाजूंनीं गुटके घासतात, त्या घर्षणानेंच गाडी थांबते. तेथें तेल गेलें तर घर्षण नाहींसें होतें. आणि दुसऱ्याच दिवशीं दोघी नातींना घेऊन तो घाटानें जाणार होता. माझे हातपाय गार पडले. त्यानें पांढऱ्या चट्ट्यांवरून आंगठा फिरविला आणि हळूच म्हणाला, “असूं द्या, अण्णा.”

मग आम्हीं दोघांनीं मिळून चाकें धुतलीं. तो क्रम असा : चाकें पूर्ण निवूं द्यावीं व गाडी सावलींत असावी. प्रथम पाण्याच्या धारेनें वाळू काढावी. नाहीं तर पुढें घासतांना तिचे ओरखडे उठतात. मग सौम्य साबण व मऊ ब्रश. करडी भुकटी ही ब्रेक झिजून पडलेली पूड, तींत लोखंडहि असतें. ब्रेक दाबतांना गाडीचा भार पुढें येतो, म्हणून ती पुढच्या चाकांवर अधिक. वेळचे वेळीं धुतली तर साबणानेंच जाते. भाजून रुतली असल्यास बाजारांत लोखंड विरघळविणारें, लागतांच जांभळें होणारें द्रावण मिळतें, तें वाळूं न देतां धुवून टाकावें. डांबर शेवटीं काढावें : तेलाचा बोळा फक्त थेंबावर ठेवावा, चकतीपासून दूर. टर्पेंटाइन लवकर काम करतें, पण तें ज्वालाग्राही आहे व टायरच्या रबराला बाधतें. लोखंडी पातें किंवा तारेचा ब्रश वापरूं नये. अखेर साबणानें तेल काढून, भरपूर पाण्यानें धुवून, गाडी मोकळ्या जागीं सावकाश चालवावी व दोन-चार वेळां ब्रेक दाबून पाहावा.

ते चट्टे अजून आहेत. मुलगा येतो तेव्हां माझी नजर प्रथम त्या चाकाकडे जाते. अज्ञानानें केलेला कठोरपणा घात करितो, हें मीं शाळेंत पुष्कळदां सांगितलें होतें. अस्थानीं पडलेला स्नेहहि तितकाच घात करितो, हें मात्र साठी उलटल्यावर, मुलानें मनगट धरलें तेव्हां शिकलों.