मागची बाजू कुठाय?

सुट्टीला सोलापुरात आलो होतो. दोस्ताच्या कामासाठी एका ऑफिसात गेलो, तर भिंतीवर हे भलंमोठं रंगीत चित्र. दोस्त म्हणाला, ‘काय बे, तुझी मुंबई टांगलीय की इथं!’

टांगलीच होती. तांबडी, पिवळी, निळी. गेटवेचे तुकडे, ताजच्या घुमटाच्या फाका, राजाबाई टॉवर तिरपा, समुद्र म्हणजे निळे त्रिकोण. तिथले साहेब म्हणाले, याला घनवाद म्हणतात.

मी मॅट्रिक. आम्हांला घन ठाऊक, तो लोखंड ठोकायचा. पण वाचलंय मी थोडं. १९०७-०८च्या सुमारास पॅरिसात पिकासो आणि ब्राक यांनी हे सुरू केलं. एकाच जागी उभं राहून बघायची सक्ती त्यांनी मोडली. वस्तूच्या चारी बाजू एकाच कॅनव्हासवर आणल्या. झकास! माझं भांडण घनवादाशी नाहीच. या चित्राशी आहे.

कारण यात शंभर तुकडे आहेत, पण सगळे दर्शनी बाजूचे. बंदराचं शहर म्हणता, मग बंदर कुठाय? क्रेन कुठाय? यलो गेट, ग्रीन गेट? रात्रपाळीची टोळी? गोदीच्या लांबलचक भिंतीमागं काय चालतं ते मुंबईला दिसत नाही, चित्रकारालाही दिसलं नाही. आज्याची इथली गिरणी बंद पडली, बापानं मजूरनाका धरला, मी धक्का. ठेकेदाराच्या वहीत माझं नावसुद्धा धड नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही आठजण झोपतो, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. हा घन कुणी रंगवायचा?

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांना त्या दिवशी ५३ वर्षं पुरी झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटलं. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोनं, सगळं एकत्र. स्फोट झाले, शेकडो माणसं मेली. शहर खरोखरच तुकड्यातुकड्यांनी आभाळात गेलं. उडालेल्या सोन्याच्या विटांची गोष्ट लोक अजून चवीनं सांगतात. धक्क्यावरच्या हमालाची कोण सांगतो?

दोस्तहो, रंग ही काय कुणाच्या बापाची जहागीर नाही. ब्राक हा घरं रंगवणाऱ्याचा पोरगा. ल हाव्र बंदरात वाढला, स्वतःही रंगारीकाम शिकला. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरायचे. मग आपणच का नुसतं बघत बसायचं? जयंतीला वस्तीच्या भिंती रंगवणारी पोरं आपल्यात आहेत. त्यांना सांगा, एकदा मुंबई काढा. गेटवे असू द्या, ताज असू द्या. पण गोदीची भिंत फोडून आतली माणसं बाहेर आणा.

त्याला घन लागतो. तो आपल्याकडं आहे.