सत्ताविसावा हात
गोंदिया जिल्हा परिषदेच्या ५३ जागांपैकी २०२२ मध्ये भाजपला २६ मिळाल्या. बहुमताला एक कमी. सभागृहात अपक्ष होते, तरी भाजपने अध्यक्षपद घेताना राष्ट्रवादीलाही सोबत घेतले आणि उपाध्यक्षपद तिला दिले. त्याच वेळी मुंबईत राष्ट्रवादी ही काँग्रेसबरोबर राज्याच्या सत्तेत होती. काँग्रेसने पाठीत खंजीर म्हणून आरडाओरड केली. पण २०१५ मध्ये २० जागांच्या राष्ट्रवादीला बाहेर बसवून इथे भाजपशी घरोबा केला होता तो काँग्रेसनेच!

एका मताचे मोल सगळीकडे सारखे नसते. १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले. जर्मनीत चान्सलरला हटवायचे तर त्याच ठरावात उत्तराधिकारी निवडावा लागतो. अमेरिकेच्या अध्यक्षाची खुर्ची तर तिथल्या संसदेतल्या बहुमतावर उभीच नसते. आपला जिल्हा परिषद अध्यक्ष साध्या बहुमताने बसतो. अविश्वासाने उठवायला मात्र किमान दोन-तृतीयांश, म्हणजे गोंदियात ३६ सदस्य लागतात. म्हणून पहिल्या दिवशीचा सौदाच महत्त्वाचा. तो मतदानापूर्वी जाहीर करण्याचे बंधन पक्षांवर घालावे. जिल्ह्यातल्या आमगाव, देवरीच्या मतदाराला तो निकालानंतर वर्तमानपत्रात वाचावा लागू नये.