पट आमच्याकडेच राहू द्या

प्रति,
विझर्ड्स ऑफ द कोस्ट,
रेंटन, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका



हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण आमचा खेळ मराठीत चालतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ तुमचं, नियमांची पुस्तकं तुमची. पण धर्मशाळेचा मालक एका रात्रीची तीन चांदीची नाणी मागतो आणि आमचा चोर त्याच्याशी घासाघीस करतो, ती पेठेतल्या मराठीत. आम्ही पाच जण आहोत. दोघी पुण्यात, एक मैत्रीण नाशिकला, एक मित्र टोरंटोला, एक डब्लिनला. रविवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही जमतो तेव्हा टोरंटोत सकाळचे दहा वाजलेले असतात आणि डब्लिनमध्ये दुपारचे तीन. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे गेली की त्या दोघांना तासभर आधी बसावं लागतं, आणि ते बसतात. मी डीएम (डन्जन मास्टर) आहे, म्हणजे गोष्ट माझी आणि जबाबदारीही माझीच.

एकेकाळी आम्ही कोथरूडमध्ये एका जेवणाच्या टेबलाभोवती खेळायचो. मग दोघं परदेशी गेले आणि मार्च २०२० मध्ये उरलेल्यांचंही टेबल सुटलं. तेव्हा मी चौकटीच्या वहीत नकाशा काढला, वर फोन टांगला आणि तो कॅमेऱ्यातून दाखवत खेळ चालवला. ‘मी खांबामागे लपले.’ ‘कुठल्या खांबामागे?’ यातच अर्धा तास जायचा. ऑनलाइन पट, म्हणजे सगळ्यांच्या पडद्यावर एकच नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर, शोधायला लागलो तो या खांबापायी.

आता ओळखीत कोणी विचारलं की मित्रांबरोबर खेळायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, तर मी उलट विचारते, तुमचा डीएम तयारी किती करतो? ऐन वेळी सुचेल तसं खेळवणारा असेल तर आउलबेअर रोडिओ पुरेसं आहे. नकाशा टाका, टोकन ठेवा, न पाहिलेला भाग झाका आणि मित्रांना लिंक पाठवा. काहीच बसवायचं नसेल, ब्राउझर उघडून खेळायला लागायचं असेल, तर रोल ट्वेंटी. कॉलेजात एका खोलीत राहिलेले तीन मित्र वेगवेगळ्या गावांना गेले आणि आपला खेळ सुटू नये म्हणून त्यांनी ते उभं केलं, २०१२ मध्ये. ही हकिकत मला फार जवळची वाटते. हिशेब, बेरजा, नियमांची आठवण हे सगळं यंत्रानेच करावं असं वाटणाऱ्यांसाठी फँटसी ग्राउंड्स २००४ पासून आहे. यांतलं कुठलंही वाईट नाही. पण दिसण्यावरून पट निवडू नये. ही कंपनी उद्या बंद पडली तर माझ्या हातात काय उरेल, हे आधी विचारावं.

आम्ही याच प्रश्नावर फाउंड्री हे सॉफ्टवेअर निवडलं. पन्नास डॉलर एकदाच भरायचे आणि तेही फक्त डीएमने. ते डीएमच्या लॅपटॉपवर चालतं आणि बाकीचे ब्राउझरमधून त्यात येतात. पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आमचं सगळं जग, नकाशे, पात्रं, पाच वर्षांच्या नोंदी, एका फोल्डरमध्ये असतात. तो फोल्डर माझा. पेन ड्राइव्हवर घेऊन मी नाशिकला जाऊ शकते.

त्या फोल्डरमध्ये एक गड आहे. तो हरिश्चंद्रगडावरून बेतला आहे. तिथल्या केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्याच्या मधोमध मोठं शिवलिंग आहे आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. आम्ही कॉलेजात असताना तिथे कमरेएवढ्या पाण्यात उतरलो होतो. ती गुहा मी पटावर उभी केली. एक चौकट म्हणजे पाच फूट. भिंती रेखल्या, त्या एकट्या खांबालाही भिंतीसारखं कडं दिलं. तुमच्या नियमात मशालीचा उजेड वीस फूट लख्ख आणि पुढचे वीस फूट अंधुक असतो. टोरंटोच्या मित्राने मशाल घेऊन पाण्यात पाऊल टाकलं आणि खांबाची सावली मागच्या कातळावर सरकली. त्या सावलीत काय उभं आहे ते एकट्या नाशिकच्या मैत्रिणीला दिसत होतं, कारण तिच्या ड्वार्फला अंधारातलं दिसतं आणि पट प्रत्येकाला त्याच्याच पात्राच्या डोळ्यांनी दाखवतो. ती काही बोलली नाही. तीन देशांतले बाकीचे चार जण तिच्या श्वासाकडे कान लावून बसले होते. कोथरूडच्या टेबलावर हे जमलं नसतं, हेही मी मान्य करते.

एक गोष्ट मात्र नव्याने येणाऱ्यांना सांगायला हवी. आपल्याकडे बऱ्याच घरगुती इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं असतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला आपल्या लॅपटॉपपर्यंत यायला वाटच नसते. मी राउटरच्या सेटिंगमध्ये तीन संध्याकाळी घालवल्यावर हे कळलं. शेवटी एक छोटा सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेतला. म्हणजे ‘एकदाच पैसे’ हे आमच्या बाबतीत पूर्ण खरं नाही. पण भाड्याची जागा सोडायची वेळ आली, तर सामान आमच्याबरोबर येतं.

मग तक्रार काय, आणि तुमच्याकडेच का? कारण खेळाचे नियम तुमच्याकडे आहेत आणि पटही तुमच्याकडेच असावा असा प्रयत्न तुम्ही पुन्हा पुन्हा करता. २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीबरोबर तुम्ही ऑनलाइन पटाचं आश्वासन दिलं. तो चाचणीपुरता आला आणि २०१२ मध्ये बंद झाला. नंतर ‘सिजिल’ हा त्रिमितीय पट आला, फेब्रुवारी २०२५ मध्ये. पुढच्याच महिन्यात तो घडवणाऱ्यांपैकी सुमारे तीस जणांची नोकरी गेली. इतक्या मेहनतीने भिंती, पुतळे, उजेड रचणाऱ्या त्या माणसांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. आणि त्या पटावर ज्यांनी आपली गुहा उभारायला घेतली असेल, त्यांच्याबद्दलही.

त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, तुमचे नियम इतरांनी वापरण्याच्या नव्या परवान्याच्या मसुद्यात तुम्ही लिहिलं होतं की, दुसऱ्या कोणाच्या पटावर मॅजिक मिसाइल हा मंत्र उडताना दाखवणारं चलचित्र चालणार नाही, कारण ते टेबलावरच्या खेळासारखं राहत नाही. टेबलावर काय शोभतं हे टेबलाभोवती बसलेल्यांनी ठरवायचं असतं. जगभरच्या खेळाडूंनी हे तुम्हाला कळवलं आणि २७ जानेवारीला तुम्ही मसुदा मागे घेतलात. त्याच दिवशी नियमांचा गाभा, सुमारे चारशे पानं, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केलात. तो परवाना परत घेता येत नाही. त्या निर्णयासाठी मी तुमचे आभार मानते. त्याच आधारावर आम्ही नियमांचा मराठी अनुवाद सुरू केला आहे. श्रेय तुमचं लिहायचं, परवानगी कोणाकडे मागायची नाही. ‘सेव्हिंग थ्रो’ला काय म्हणावं यावर आमचे दोन रविवार गेले आणि अजून एकमत नाही.

पण ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तेच घडलं. नवी आवृत्ती येताना डी अँड डी बियाँड या तुमच्या संकेतस्थळावरच्या खेळाडूंच्या पात्रांच्या शीटवरचे जुने मंत्र बदलून त्या जागी नवे येतील असं तुम्ही जाहीर केलं. ज्याला जुनेच हवेत त्याने ते हाताने परत लिहून काढावेत, असा त्याचा अर्थ होता. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांतच निर्णय फिरला. फिरला हे चांगलं झालं. पण छापील पुस्तकाच्या पानावरचा मंत्र रातोरात बदलता येत नाही, शीटवरचा येतो, हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं. ज्याच्या घरात पट, त्याच्या हातात सोंगट्या.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमचं एखादं साहस एका ठिकाणी विकत घेतलं तर ते दुसऱ्या पटावर येत नाही, तिथे पुन्हा पैसे मोजावे लागतात. एकदा पैसे मोजणाऱ्याला ते नकाशे आणि ती पात्रं त्याच्या पसंतीच्या पटावर नेता येतील अशी सोय करा. रोल ट्वेंटी आणि फाउंड्रीवाल्यांशी तुमचे करार आहेतच, म्हणजे बोलणी नव्याने सुरू करायची नाहीत. आणि डी अँड डी बियाँडवर कोणीही लिहिलेली शीट, नोंदी, स्वतः घडवलेले राक्षस हे सगळं एका बटणासरशी, कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा फाइलमध्ये उतरवून घेता आलं पाहिजे. मासिक वर्गणी थांबवली तरीही. पाच वर्षं खेळलेल्या पात्राचा मालक खेळाडू असतो.

तुमचा स्वतःचा पट जरूर असू द्या. चांगला असेल तर लोक आपण होऊन येतील, आम्हीही येऊन बघू. फक्त परत निघायचं दार उघडं ठेवा, आणि ते उघडं राहील हे २०२३ सारखं लेखी द्या. पुढची आवृत्ती जाहीर करायच्या आधी द्या.

आपली,
पुण्यातली एक डीएम