गिटारला शास्त्र किती हवे?

गिटार शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, ‘शास्त्र पक्के झाल्याशिवाय वाद्याला हात लावू नकोस.’ दुसरा म्हणतो, ‘शास्त्राच्या नादी लागू नकोस, नुसता वाजवीत राहा.’ माझ्या अल्पमतीप्रमाणे दोघेही चुकतात आणि त्याची किंमत नवशिक्याला मोजावी लागते.

पहिल्या पक्षाचा विचार करू. बोटांची टोके तारांनी हुळहुळली आहेत, अशा वेळी स्टाफ नोटेशन, पंचमांचे चक्र, डोरियन नि फ्रिजियन ही नावे घोकून काय साधणार? दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. ज्ञानेश्वरी त्याच्या कित्येक शतके आधीची. पंडित भातखंडे (१८६०-१९३६) यांनीही घराणेदार गवयांकडून चिजा मिळवल्या आणि गायल्या जाणाऱ्या रागांची दहा थाटांत मांडणी केली. शास्त्र गाण्यामागून आले.

दुसरा पक्ष वेस मॉन्टगोमेरी (१९२३-१९६८) या अमेरिकन जॅझ वादकाचे नाव पुढे करतो. त्याला नोटेशन वाचता येत नव्हते, हे खरे. परंतु चार्ली ख्रिश्चनचे वादन ऐकून ते त्याने जसेच्या तसे बोटांत उतरवले होते. त्याचे शास्त्र कानात होते. आपल्यासारख्यांना त्यातले थोडे कागदावरून घ्यावे लागते.

मग किती? वहीच्या दोन पानांत मावेल इतके. जाड तारेपासून सहा तारांची नावे ई, ए, डी, जी, बी, ई. एक पडदा पुढे गेले की नाद अर्ध्या स्वराने चढतो. बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात भेटतो. कोणत्याही ‘सा’पासून शुद्ध सप्तक काढायचे तर पडद्यांच्या उड्या अशा : दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. पाश्चात्त्यांचे मेजर स्केल ते हेच आणि आपला बिलावल थाटही हाच. सा, ग, प एकत्र वाजले की मेजर कॉर्ड. त्यातला ग कोमल केला की मायनर. सा, म आणि प यांवर एकेक मेजर कॉर्ड उभा केला तर तिन्हींत मिळून सातही शुद्ध स्वर येतात. तीन कॉर्डांवर इतकी गाणी निभावतात त्याचे रहस्य एवढेच. याला तालाच्या मात्रा मोजण्याची जोड दिली की नवशिक्याचे पहिले वर्ष निघते.

याचा उपयोग काय? नवशिक्याला पहिली ठेच एफ कॉर्डची लागते, कारण एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. सी, एफ, जी म्हणजे सा, म, प हे ज्याला ठाऊक आहे, तो तेच गाणे जी, सी, डी या सोप्या कॉर्डांत नेतो. गायकाला आणखी एक स्वर वर हवा असेल तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावतो. ज्याला ठाऊक नाही, तो एफपाशी अडतो आणि काही दिवसांनी गिटार खुंटीला टांगतो.

आज मोबाइलवर हव्या त्या गाण्याचे कॉर्ड मिळतात. पण त्या गाण्यापुरतेच. ज्यांच्या घरात आमच्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्या आम्हा मुलांना शास्त्र ही जाणत्या घरांची मिरास वाटते. वास्तविक ज्याला घरी विचारायला कोणी नाही आणि शिकवणीची फी परवडत नाही, त्यालाच नियमाची गरज अधिक. शिक्षक एका वेळी एक गाणे शिकवतील. नियम कळला तर पुढची गाणी आपली आपण काढता येतात.

म्हणून प्राध्यापकवर्गाला एक विनंती. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी या दोन पानांचे दोन तास सर्वांसाठी खुले ठेवावेत. एक फळा आणि एक गिटार पुरेल.