चित्रातली अळी, बाटलीतली अळी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. साडेचार वर्षांचा एक मुलगा आजीसोबत दवाखान्यात आला होता. ताप आजीला होता. नातू केवळ सोबतीला. मी आजींना तपासत असताना तो बाकावरचे डासाच्या जीवनचक्राचे चित्रपुस्तक उघडून बसला. एकाएकी पानावर बोट ठेवून म्हणाला, "डॉक्टरकाका, हे किडे आमच्याकडे आहेत. बाटलीत नाचतात."

चौकशी केली तेव्हा कळले, की खिडकीत मनीप्लांटची बाटली आहे आणि तिचे पाणी कित्येक दिवस बदललेले नाही. आजींना पुढे डेंग्यूच निघाला. तो त्याच बाटलीतील डासामुळे झाला, असे म्हणता येणार नाही. आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. मी मात्र अंतर्मुख झालो. डेंग्यूची पत्रके मी वर्षानुवर्षे वाटत आलो आहे. ती वाचून घरातली अळी शोधल्याचे मला कोणीच सांगितले नव्हते. अक्षरओळख नसलेल्या मुलाने ते काम एका चित्रावरून केले.

लहान मूल आधी डोळ्यांनी विचार करते. चित्रपुस्तकाचे बळ याच्याशी जुळणारे आहे. पडद्यावरचे दृश्य मुलासाठी थांबत नाही. पुस्तकाचे पान मात्र मुलाला हवे तितका वेळ थांबते, मागेही उलटता येते. शिवाय शेजारी एक मोठे माणूस असते, आणि प्रश्न विचारायला तेच लागते. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच या वयात तो दिवसाला एका तासाच्या आत ठेवावा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. पालक मला विचारतात, "मोबाइल काढून घेतला, तर हातात द्यायचे काय?" माझ्यापुरते उत्तर हे आहे.

परंतु कोणतेही पुस्तक चालेल, असे नाही. हे मी चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी प्रतीक्षाकक्षात मी जंतूंविषयीचे एक रंगीत पुस्तक ठेवले होते. त्यातील जंतूंना सुळे होते, नखे होती. पाच वर्षांच्या एका मुलीने ते मन लावून पाहिले. महिन्याभराने तिची आई तिला घेऊन आली, तेव्हा तिच्या हातांची त्वचा धुऊन धुऊन फाटलेली होती. मातीला हात लावायला ती तयार नव्हती. अंगणातली बागही तिने सोडली होती. पुस्तक मी त्याच दिवशी काढून टाकले. भीतीने मूल आज्ञा पाळते, पण पाहणे थांबवते. आणि पाहणे थांबले की विज्ञानही थांबते.

म्हणून पुस्तक निवडताना मी दोन गोष्टी पाहतो. चित्र खऱ्या वस्तूशी जुळते का, आणि ते मुलाला घराबाहेर, निदान खिडकीपर्यंत, नेते का. कल्पनेला माझी हरकत नाही. एरिक कार्ल यांच्या भुकेल्या सुरवंटाचे १९६९ सालचे पुस्तक जगभरातील मुलांना आवडते. त्यातला सुरवंट केक आणि आइस्क्रीमही फस्त करतो. खरा सुरवंट ठरावीक झाडांचीच पाने खातो. हा फरक मोठ्यांनी हसत हसत सांगावा आणि मुलाला कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीपाशी न्यावे. तिथे लिंबाच्या फुलपाखराची अळी बहुधा सापडते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. चार पाने तिने खाल्ली तर आमटीचे फारसे बिघडत नाही.

अशी पुस्तके दुर्मीळ किंवा महाग आहेत, असेही नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची माला आहे, माधुरी पुरंदरे यांची मुलांसाठीची पुस्तके आहेत, 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य मिळतात. रोज दहा मिनिटे पुरेत. मजकूर भराभर वाचून संपवू नये. "हे काय करते आहे?", "आता पुढे काय होईल?", "आपल्याकडे असे कुठे दिसते?" एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तराची वाट पाहावी. पृथ्वीच्या विनाशाच्या कथा या वयाला नकोत. ज्या संकटावर मुलाला काहीच करता येत नाही, त्याचे ओझे त्याच्यावर कशाला?

ज्यावर करता येते, असे मात्र पुष्कळ आहे. डेंग्यूचा डास घरातल्या साठलेल्या पाण्यात, भांड्याच्या कडेला अंडी घालतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसते पाणी ओतून भागत नाही. चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. भांडे आतून घासावेच लागते. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे जुने टायर यांची पाहणी मुलाच्या हाती विजेरी देऊन करून घ्या. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

तो मुलगा परवा लस घ्यायला आला होता. बाटली आता तो आणि आजी मिळून दर रविवारी घासतात. सुई टोचून झाल्यावर डोळे पुसत त्याने विचारले, "काका, सुरवंटाला ठेवायचं, मग डासाच्या बाळांना का फेकायचं?"

प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हणालो, की तळ्यात असती तर त्यांना मासे आणि चतुराची पिल्ले खातात, तिथे त्यांचे काम असते. आपल्या बाटलीत त्यांना खाणारे कोणी नाही, म्हणून ती वाढतात आणि आजीला ताप येतो. तेव्हा त्यांना घरात जागाच द्यायची नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आजीकडे वळून म्हणाला, "आजी, आपण तळं बघायला कधी जायचं?"