तपासणीचा अहवाल दवाखान्याच्या दारावर लावा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात माणूस आजारी पडला की आधी गल्लीतला दवाखाना गाठतो. कारखान्यातली पाळी संपवून किंवा गर्दीच्या लोकलमधून उतरून घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा उघडा असतो तो हाच दवाखाना. तिथला डॉक्टर घरातल्या सगळ्यांना नावानिशी ओळखतो, पैसे नसतील तर पुढच्या पगारावर थांबतो. या डॉक्टरांनी ही शहरे सांभाळली आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून सव्वानऊ लाखांच्या वर होती. एवढ्या लोकांवर पहिला उपचार ज्या खोलीत होतो, त्या खोलीची ठरल्या वेळी, ठरल्या निकषांवर पाहणी करणारे मात्र कोणी नाही.

उल्हासनगरची स्थापना झाली त्याच साली, १९४९ मध्ये, मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा आला. आजही आपला कारभार त्याच कायद्यावर चालतो. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. पण हा कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयांचा. खाट नसलेला दवाखाना त्यात येत नाही. तपासणीच्या टेबलावर तासभर सलाईन लावून झोपवलेला रुग्ण कागदोपत्री दाखल नसतोच. अशा दवाखान्यांचीही नोंद व्हावी म्हणून केंद्राने २०१० मध्ये वेगळा कायदा केला. तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि स्वतःचा कायदा करण्याची चर्चाही मसुद्यापुढे सरकली नाही.

उलट सरकारी आरोग्य केंद्रांचे पाहा. त्यांच्यासाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत. २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छता आणि संसर्गनियंत्रणाला गुण मिळतात, बाहेरचे पथक येऊन पाहते. ते पुरेसे आहे असे नाही, पण काहीतरी मोजले जाते. जिथे बहुसंख्य लोक खिशातले पैसे मोजून जातात तिथे काहीच मोजले जात नाही.

आपल्या प्रशासनाला तपासणी म्हटले की बोगस डॉक्टरांवरचा छापाच आठवतो. छापे पडलेच पाहिजेत. पण पदवी खरी असली म्हणजे उपचार सुरक्षित झाला असे नाही. टाके घालायची हत्यारे नीट निर्जंतुक होतात का, इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर अॅड्रेनलिन हाताशी आहे का, वीज गेल्यावर फ्रिजमधल्या लसींचे काय होते, कंपाउंडर सुई टोचतो तेव्हा त्याला कोणी शिकवलेले असते, हे प्रश्न पदवीच्या चौकटीकडे बघून सुटत नाहीत.

सुईचा प्रश्न तर जिवावरचा आहे. २००९ मध्ये गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेकांचे बळी गेले. तपासात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचे पुढे आले. २०१९ मध्ये सिंध प्रांतातल्या रतोदेरो गावात शेकडो मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. तिथेही मुख्य कारणांत असुरक्षित इंजेक्शने होती. दोन्हीकडे घात झाला तो वस्तीतल्या साध्या उपचाराच्या जागी, जिथे माणूस निर्धास्तपणे हात पुढे करतो. आपल्याकडेही ताप आला की ‘डॉक्टर, एक इंजेक्शन मारा’ हा आग्रह रुग्णाचाच असतो. म्हणून सुई मोजली गेली पाहिजे.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम खाट नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज आणि सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताने भरलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि हा कापूस प्रक्रियेविना अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. दवाखान्याने महिन्यात किती सिरिंज विकत घेतल्या आणि कचरा नेणाऱ्या गाडीकडे किती गेल्या, एवढे ताडून पाहिले तरी बरेच कळेल. रोज साठ रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्याच्या लाल पिशवीत आठवड्याला मूठभर सिरिंज निघत असतील, तर उरलेल्यांचे काय झाले हे विचारलेच पाहिजे.

डॉक्टरांची भीतीही समजण्यासारखी आहे. तपासणी म्हणजे साहेब येणार, काहीतरी काढणार आणि पाकीट मागणार, असा त्यांचा अनुभव असतो. बंद दाराआडच्या तपासणीत हे होणारच. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही संस्था गल्लीतल्या डॉक्टरांचे दवाखानेही तपासते, अहवाल जाहीर करते, आणि उत्कृष्टपासून अपुऱ्यापर्यंतची श्रेणी दवाखान्यात लावावीच लागते. चांगल्या डॉक्टरला त्यात संरक्षण आहे. निकष आधी छापलेले असतील आणि निकाल सर्वांसमोर असेल, तर पाकिटाला जागा फारशी उरत नाही.

आपल्याकडे नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण तीन वर्षांनी होते. त्या वेळी काय पाहिले, काय कमी आढळले, हे रुग्णाला कधीच कळत नाही. त्यात अधिकारही विभागलेले. उल्हासनगरात महापालिका, तर अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिका हद्दीत जिल्हा शल्यचिकित्सक. रुग्णाला या हद्दी ठाऊक नसतात. अंबरनाथच्या बुवापाड्यातला माणूस उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दाखल होतो, बदलापुरातल्या कात्रपचा अंबरनाथला येतो.

म्हणून उल्हासनगरचे आयुक्त, दोन्ही नगरपालिका आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसावे, तिन्ही शहरांसाठी एकच तपासणीपत्रक करावे, ते मराठी, हिंदी आणि सिंधीत छापावे. खाटा असलेल्या रुग्णालयांपासून सुरुवात करावी, प्रत्येक अहवाल दारावर लावायला सांगावे, आणि खाट नसलेल्या दवाखान्यांना स्थानिक डॉक्टर संघटनांना सोबत घेऊन त्यात आणावे. वाचकांनीही थांबू नये. पुढच्या वेळी इंजेक्शन घेताना सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. प्रामाणिक डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.